स्ट्रॉबेरी आधी गोठवा, हवा मग ओढा

हवा ओढून पिशवी बंद करणारं मशीन घरी आलं, त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा स्ट्रॉबेरीच घेतल्या होत्या. वाईहून येताना आणलेल्या, लालबुंद, अर्धा किलो. धुतल्या, पुसल्या, पिशवीत भरल्या आणि बटण दाबलं. पहिले तीन-चार सेकंद पिशवी फळांना छान बिलगत गेली. मग एकेका फळाची कड चपटी व्हायला लागली, टोकाशी ओल दिसली आणि बघता बघता रसाची बारीक लाल धार पिशवीच्या नक्षीतून वर चढून मशीनच्या खाचेत गेली. सील बसलंच नाही, कारण ओल्या प्लास्टिकवर ते धरत नाही. पिशवीत उरला तो लगदा.

नवं मशीन घेणाऱ्या बहुतेकांचं पहिलं फळ असंच वाया जातं आणि मग मशीन माळ्यावर जातं. तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मशीनमध्ये खोट नसते, क्रम चुकलेला असतो. मऊ फळ आधी दगडासारखं गोठवायचं आणि मगच त्याच्या पिशवीतली हवा काढायची. पुढचं सगळं लिखाण या एका क्रमाभोवतीच आहे.

फळ चिरडतं कशामुळे?

मशीन फळाला दाबतं असं वाटतं, पण दाब मशीनचा नसतोच. तो आपल्या भोवतीच्या हवेचा असतो. समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलो भाराने दाबत असते. एरवी आपल्याला ते कळत नाही, कारण आतूनही तेवढाच दाब असतो. पिशवीतली हवा काढली की आतला दाब जातो आणि बाहेरचा एकटा उरतो. घरगुती मशीन सगळी हवा काढू शकत नाही, तरी अर्ध्याहून बरीच जास्त काढतं. तीन सेंटीमीटर रुंदीच्या स्ट्रॉबेरीवर चार-पाच किलोचं वजन ठेवल्यासारखा तो भार होतो. पिकलेली स्ट्रॉबेरी तो कसा पेलणार?

दुसरं असं, की स्ट्रॉबेरीच्या गरात बारीक बारीक हवेच्या जागा असतात. ती हवाही मशीन ओढून घेतं. मग तिच्या जागी रस शिरतो आणि फळ गडद, ओलसर, लिबलिबीत दिसायला लागतं. म्हणून कमी दाबावर ओढलेली ताजी फळंसुद्धा दुसऱ्या दिवशी शिळी वाटतात.

तिसरं कारण गोठण्यातलं आहे. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत नव्वदेक ग्रॅम पाणीच असतं. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. हे काम सावकाश झालं तर बर्फाचे स्फटिक मोठे, टोकदार होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. झटपट झालं तर स्फटिक बारीक राहतात आणि नुकसान कमी होतं. शून्य ते उणे पाच अंशांचा टप्पा फळाने जितक्या लवकर ओलांडावा तितकं बरं. घरच्या फ्रीजरमध्ये आपल्या हातात एवढंच आहे, आणि एवढ्यानेही खूप फरक पडतो.

मात्र एक गोष्ट आधीच मान्य करून टाका. गोठवलेली स्ट्रॉबेरी पूर्ण वितळल्यावर ताज्यासारखी करकरीत राहत नाही, कुणीही, कशीही गोठवली तरी. आपल्याला टिकवायचा आहे तो आकार, रंग, वास आणि चव. पिशवीतून एकेक फळ सुटं निघालं, तर काम जमलं असं समजा.

फळ घेताना

महाबळेश्वर-पाचगणी-वाई भागातली स्ट्रॉबेरी साधारण नोव्हेंबरपासून यायला लागते आणि मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. गोठवण्यासाठी मी जानेवारीची अखेर किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरते. तेव्हा माल भरपूर असतो, भाव जरा उतरलेला असतो आणि थंडीमुळे फळ घट्ट असतं. मार्चच्या उन्हातलं फळ गोड लागतं, पण मऊ पडलेलं असतं. ते जॅमला चांगलं.

स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. रंग थोडा चढेल, गोडी वाढणार नाही. म्हणून देठाजवळ पांढरं असलेलं फळ ‘दोन दिवसांत होईल’ म्हणून घेऊ नका. पूर्ण लाल, पण बोटाने हलकेच दाबलं तर परत उभारी धरणारं फळ हवं. भिलारजवळच्या एका शेतावर ताईंनी मला सांगितलं होतं, “सकाळी ऊन चढायच्या आधी तोडलेलं घ्या, दुपारचं फळ गरम असतं, गाडीतच बसतं.” तेव्हापासून मी तोडणीची वेळ विचारल्याशिवाय पनेट, म्हणजे फळांचा प्लास्टिकचा लहान डबा, उचलत नाही. पनेट उचललंत की उलटं करून तळही बघा. खालच्या थरात रस सुटलेला असेल तर वरचा थर कितीही देखणा असला तरी ते ठेवून द्या.

घरी पोचेपर्यंत निम्मं काम होतं किंवा बिघडतं. पसरणीचा घाट उतरून पुढे खंबाटकी ओलांडेपर्यंत डिकीत बॅगांखाली दबलेली पनेटं मी पाहिली आहेत. पनेटं मागच्या सीटवर सपाट ठेवा, एकावर एक दोनच, आणि ऊन लागू देऊ नका. घरी आल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी काम संपवा.

धुणं आणि कोरडं करणं

निवडून घ्या. डाग पडलेली, दबलेली फळं बाजूला काढून त्या दिवशी खाऊन टाका. एकसारख्या आकाराची फळं एका गठ्ठ्यात ठेवा, म्हणजे गोठायलाही सारखा वेळ लागेल.

धुवायचं हिरव्या टोपीसकट. टोपी आधी काढली तर त्या जागेतून पाणी आत शिरतं आणि चव पांचट होते. चाळणीत थोडी थोडी घेऊन गार पाण्याच्या बारीक धारेखाली हलकेच फिरवा. भांड्यात भिजत घालू नका. मग जुन्या सुती पंचावर पसरा, फळाला फळ न लावता, आणि पंखा मंद ठेवून अर्धा-पाऊण तास सोडा. पुसायच्या भरीला पडू नका. त्या खरखरीत बियांच्या पाठीवर फडकं घासलं की साल दुखावते. पावसाळी हवा असेल तर जास्त वेळ लागेल, लागू द्या. फळावर राहिलेला पाण्याचा थेंब पुढे बर्फाचा डिंक होतो आणि फळं ताटाला चिकटतात.

आता टोपी काढा. सुरीचं टोक तिरकं लावून टोपीपुरतीच वर्तुळाकार चीर द्या. खोल खड्डा पाडू नका, त्यात रस साठतो. लिंबाएवढी मोठी फळं असतील तर उभी दोन करा. मध्यम आणि लहान अख्खीच ठेवा, कारण जितका काप कमी तितका रस कमी सुटतो.

ताटातलं गोठवणं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि घाई होते तीही इथेच.

आधी फ्रीजरकडे बघा. उणे १८ अंश हवं. दोन दारांच्या फ्रीजमध्ये ते मिळतं. एका दाराच्या फ्रीजमधल्या वरच्या लहान कप्प्यात बहुतेक वेळा मिळत नाही, तिथे ठेवलेलं फळ आठवड्या-दोन आठवड्यांत संपवा. फ्रीजच्या दारावर चिकटवलेले तारे वीज किती लागते ते सांगतात, थंडी किती पडते ते नाही. त्या भरवशावर राहू नका. फ्रीजचा साधा थर्मामीटर घेऊन ठेवा, वर्षानुवर्षं उपयोगी पडतो. गोठवायच्या चार-पाच तास आधी फ्रीजरचं बटण सगळ्यात थंडवर न्या, किंवा झटपट गोठवायचं वेगळं बटण असेल तर ते चालू करा.

एका दिवशी किती घालायचं यालाही माप आहे. फ्रीजरच्या दर लिटरमागे चोवीस तासांत ३० ते ५० ग्रॅम ताजा माल, याच्यावर जाऊ नका. म्हणजे साठ लिटरच्या फ्रीजरमध्ये दोन ते तीन किलो ही हद्द झाली, तीही तो जवळजवळ रिकामा असेल तर. घरी आईस्क्रीम, मटार, नारळाचा चव असं काहीबाही असतंच, म्हणून मी एका वेळी एकच किलो करते. एकदम चार किलो कोंबलं की आतली हवा गरम होते, फळ सावकाश गोठतं आणि आधीपासून असलेला मालही सैल पडतो.

कोरडी झालेली, टोपी काढलेली फळं झाकून तासभर फ्रीजच्या खालच्या भागात ठेवा. गार झालेलं फळ पुढे लवकर गोठतं. तोवर एक पसरट स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं ताट घ्या. प्लास्टिकचं नको, धातू थंडी पटकन पोचवतो. ताटावर बटर पेपर अंथरा. फळं कापलेली बाजू खाली आणि टोक वर अशी उभी मांडा, एका थरात, प्रत्येकीच्या भोवती करंगळी फिरेल एवढी जागा सोडून. हळदीकुंकवाला वाटीत वाटी न अडकता मांडतो ना, तसं. दोन फळं एकमेकांना टेकली की ती एकत्र गोठतात आणि पुढे सोडवताना साल निघते.

ताट फ्रीजरमध्ये सपाट ठेवा, शक्यतो जिथून गार हवा येते त्या बाजूला. मांसमच्छी किंवा बोंबील उघडे असतील तर ते आधी घट्ट डब्यात घाला. उघडं फळ वास धरतं. लहान फळं पाच-सहा तासांत होतात, मोठी आठपर्यंत घेतात. मी रात्री ठेवते आणि सकाळी बघते. चोवीस तासांपेक्षा जास्त उघडी ठेवू नका, वरून सुकतात आणि पांढुरकी पडतात.

झाली का, हे कसं ओळखायचं? एक फळ उचलून ताटाच्या कडेवर टेकवा. ‘टक्’ असा गोटीसारखा आवाज यायला हवा. दबका ‘थप्’ आला तर मध्यभागी अजून ओलं आहे. खात्री करायची असेल तर सगळ्यात मोठं फळ जाड सुरीने कापा. मधला भाग भुरकट पांढरा आणि कोरडा दिसला पाहिजे. गडद, चमकदार ठिपका दिसला तर ताट परत आत ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. मशीनचा दाब फळाच्या मधल्या मऊपणालाच शोधून काढतो, म्हणून इथे कणभरही सूट देऊ नका.

हवा काढताना

आता वेळेशी शर्यत आहे. गोठलेलं फळ बाहेर आलं की हवेतलं बाष्प त्याच्यावर जमतं आणि तीन-चार मिनिटांत ते चिकट व्हायला लागतं. मुंबईत आणि कोकणात त्याहून लवकर. त्यामुळे ताट बाहेर काढण्याआधी सगळी मांडामांड करून ठेवा.

पिशव्या आतून जाळीची नक्षी असलेल्या, जाडच हव्यात. बाहेरून ओढणाऱ्या घरगुती मशीनला ही नक्षी लागते, तिच्या खाचांतून हवा बाहेर येते. गुळगुळीत पिशवी लगेच चिकटते आणि हवा आतच अडकते. किती पिशव्या लागतील ते ठरवून आधीच कापून घ्या, एका बाजूचं सील मारून ठेवा आणि फळाचं नाव, वजन, तारीख लिहा. गार, दमट प्लास्टिकवर नंतर पेन चालत नाही. मग या रिकाम्या पिशव्याही दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

पिशवीचं तोंड चार बोटं बाहेर दुमडून घ्या, सदऱ्याची बाही वर करतो तसं. फळ भरताना बर्फाचा भुगा आणि रसाचा अंश त्या दुमडीवर पडतो, सीलच्या जागेवर नाही. एका पिशवीत एकदा लागेल तेवढंच फळ घाला. आमच्या चौघांच्या घरात २५० ग्रॅम पुरतं. फळं एका थरात किंवा फार तर दोन थरांत, पिशवी सपाट पाटासारखी राहील अशी पसरा. गोळा करून भरली की मधली फळं चेपतात आणि पिशव्या एकावर एक रचताही येत नाहीत. फळाच्या वर किमान सात-आठ सेंटीमीटर जागा रिकामी सोडा. पिशवीची काटकसर इथे करू नका.

दुमड सोडा, तोंडाची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसा. दव पडल्यासारखं वाटत असेल तर टिश्यू पेपरची दोन बोटं रुंद पट्टी आडवी घडी करून फळांच्या वर, सीलच्या रेषेच्या बरीच खाली सरकवा. थोडंफार पाणी आलंच तर ती अडवते. आता तोंड मशीनमध्ये घाला, दोन्ही हातांनी कडा ताणून धरा म्हणजे सुरकुती राहणार नाही, आणि झाकण बंद करा.

मशीनवर बहुधा दोन निवडी असतात. एक जोराची: नेहमीचं किंवा हलकं. दुसरी मालाची: कोरडं किंवा ओलं. जोर हलकाच ठेवा. माल मात्र ‘ओलं’ ठेवा, कारण त्यात सीलची पट्टी जास्त वेळ तापते आणि तोंडाशी असलेला बारीकसा दमटपणा सील बिघडवत नाही. थांबत थांबत हवा ओढायचं बटण असेल तर तेच वापरा. दाबा, सोडा, बघा. पिशवी फळांच्या कडांवर येऊन बसली, फळांमधल्या फटीत जरा आत गेली की पुरे, लगेच सीलचं बटण दाबा. प्लास्टिक एकेका बीच्या खाचेत जाऊन बसेपर्यंत ओढायचा हट्ट नको. थोडी हवा राहिली तरी पुढच्या हंगामापर्यंत टिकवायला ते पुष्कळ आहे, आणि टोकदार गोठलेल्या फळाने पिशवीला भोक पडायची भीती कमी होते.

सील झाल्यावर प्रकाशासमोर धरून बघा. पट्टी अखंड, पारदर्शक आणि सरळ हवी. मध्ये सुरकुती किंवा पांढुरका बुडबुडा दिसला तर तिथून हवा शिरणार. पट्टी निवायला अर्धं मिनिट देऊन एक सेंटीमीटर वर दुसरं सील मारा. मी तर सगळ्याच पिशव्यांना दोन सील मारते. लगेच फ्रीजरमध्ये सपाट ठेवा आणि पुढचं पाव किलो बाहेर काढा. सगळं ताट एकदम ओट्यावर ठेवून काम करू नका.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पिशवी हातात घेऊन हलवा. फळं खुळखुळली तर हवा शिरली आहे. कापा, नव्या पिशवीत घाला, परत ओढा. न गळलेली पिशवी पुढचा हंगाम येईपर्यंत, आठ-दहा महिने चांगली राहते. त्यानंतर खराब होते असं नाही, पण वास उतरतो.

मशीन नसेल, किंवा फळच फार नाजूक असेल

मशीनशिवायही ताटात गोठवणं तसंच. फक्त नंतर फळं जाड झिपच्या पिशवीत भरायची, पिशवी ओट्यावर आडवी ठेवून तळापासून तोंडाकडे हाताने हवा सारायची आणि शेवटच्या बोटभर जागेतून हवा काढून झिप लावायची. नळीने तोंडाने हवा ओढायची पद्धत बरेच जण सांगतात. मला ती पटत नाही, तोंडातले जंतू पिशवीत जातात. असं ठेवलेलं फळ तीन-चार महिन्यांत वापरा. त्यापुढे फळातलं पाणी उडून जातं आणि त्यावर कोरडे, भुरे चट्टे पडतात.

रास्पबेरी हे फळ मधून पोकळ असतं. महाबळेश्वरला ती विकायला असतात आणि मोह होतोच. त्यांना पिशवीत घालून हवा ओढू नका, गोठलेल्या असल्या तरी त्यांची पोकळी दाब पेलत नाही, चुरा होतो. त्यांच्यासाठी कडक डबा हवा. काही मशीनसोबत नळी असते आणि ती झाकणाला जोडून डब्यातली किंवा बरणीतली हवा काढता येते. हा उपाय फार चांगला, कारण बाहेरच्या हवेचा भार बरणी घेते, फळापर्यंत तो येतच नाही. बरणी सरळ भिंतींची आणि रुंद तोंडाची घ्या, आणि तिच्यात गोठलेलं सुटं फळच भरा. रस किंवा पाक भरून काच गोठवलीत तर ती तडकते.

इतर फळं

तुती स्ट्रॉबेरीसारखीच करा, फक्त देठ तसाच ठेवा. काढायला गेलं की फळ बोटातच रडतं. देठ गोठल्यावर टोचतो, म्हणून जाड पिशवी किंवा डबा.

अंजीर म्हटलं की पुरंदर. तिथल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. झाडावर पिकून तळाशी किंचित चिरलेलं अंजीर खायला अप्रतिम, गोठवायला मात्र न चिरलेलं घ्या. धुतल्यावर उभं अर्धं करा, कापलेली बाजू वर ठेवून ताटात मांडा, कापलेल्या भागावर लिंबाच्या रसाचं बोट फिरवा म्हणजे काळवंडणार नाही.

हापूसच्या फोडींसाठी आंबा पूर्ण पिकलेला पण घट्ट हवा. अति पिकलेल्याचा रसच करा. फोडी बोटभर जाड ठेवा, एकमेकींना लागू देऊ नका. हवा काढून ठेवलेल्या हापूसच्या फोडी मला तरी सगळ्या फळांत उत्तम टिकलेल्या दिसल्या. दिवाळीत आंब्याची बासुंदी करता येते.

जांभूळ आणि करवंद या दोघांना फारसं काही होत नाही. करवंदाचा चीक दोन-तीन पाण्यांनी काढा. जांभळं बीसकट गोठवा.

सीताफळाच्या फोडी होत नाहीत, गरच ठेवावा लागतो, आणि गर मशीनला लावला की सगळा वर चढतो. त्यासाठी गर बिया काढून चौकोनी डब्यात घाला, वर दोन सेंटीमीटर जागा सोडा, गोठवा. कडक झाल्यावर डब्याचा तळ क्षणभर नळाखाली धरला की वीट सुटते. ती पुसा, पाच-दहा मिनिटं परत फ्रीजरमध्ये ठेवून कोरडी करा आणि पिशवीत घालून हवा काढा. वाटीत गोठवली तर वाटीच्या आकाराच्या विटा मिळतात, एका माणसाला एक. आमरसालाही हीच युक्ती.

साखर घालून ठेवायची असेल तर किलोभर स्ट्रॉबेरीला २०० ते २५० ग्रॅम साखर लागते. फोडी करून साखर लावा, रस सुटेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि डब्यातच गोठवून वीट करा. रंग आणि वास यांत फार सुरेख राहतो. पण त्यात सुटं फळ मिळत नाही, केकच्या किंवा आईस्क्रीमच्या थरासाठीच ते चांगलं.

वीज गेली तर

फ्रीजरचं दार उघडू नका, एवढंच. गच्च भरलेला फ्रीजर बंद दाराने सुमारे ४८ तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्याच्या बर्फावर एक नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाशी गेलेलं असेल तर तुमच्या पाठीमागे बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे. फळात बर्फाचे कण शिल्लक असतील तर परत गोठवायला हरकत नाही, फक्त पोत बिघडेल. पूर्ण कोमट झालेलं, पिशवी फुगलेलं किंवा आंबूस वास येणारं फळ टाकून द्या. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा की हवा काढली म्हणजे फळ बाहेर टिकतं असं अजिबात नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. आणि काही घातक जंतू तर हवा नसलेल्या जागीच वाढतात.

बाहेर काढताना

इतकं सगळं सांभाळून शेवटी इथे फळ चिरडतं, आणि ते का चिरडलं हे कळतही नाही. बंद पिशवीवर बाहेरच्या हवेचा भार महिनोन्‌महिने तसाच असतो. फळ कडक असेतोवर ते तो सहन करतं. पिशवी तशीच ओट्यावर वितळायला ठेवली की फळ मऊ होतं, भार तेवढाच राहतो आणि अर्ध्या तासात पिशवीत लाल पाणी आणि सालं दिसतात.

म्हणून फ्रीजरमधून काढल्या काढल्या, पहिल्या मिनिटात, पिशवीचा कोपरा कात्रीने कापा. ‘फुस्स’ करून हवा आत जाते आणि प्लास्टिक फळांवरून सैल होतं. मग फळं पसरट ताटलीत एका थरात काढा, फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन तासांत ती खाण्यासारखी होतात. मिल्कशेकला किंवा केकच्या पिठात घालायची असतील तर वितळू न देता तशीच घाला. पिठात घालण्याआधी चमचाभर कोरड्या मैद्यात घोळवा, म्हणजे तळाशी बसत नाहीत.

नुसती खायची असतील तर पूर्ण वितळायची वाट बघू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेरून मऊ आणि आतून खडीसाखरेसारखी कुरकुरीत असताना वाटीत घ्या, वर गार सायीचं दूध ओता. दूध फळाला लागून जरासं गोठतं, कडेने गुलाबी होतं. आमच्याकडे ऑगस्टच्या पावसात ही वाटी होते, आणि फेब्रुवारीत आणलेल्या शेवटच्या पिशवीवर कुणाचा हक्क यावरून दरवर्षी बोलणं होतं.